गुलाबरावाचं पाणी

शरदचंद्र धैर्यवान बोटीवर डॉक्टर होते. बोट मुंबईला लागली की ते गिरगावात आपल्या मेहुण्यांकडे उतरायचे आणि येताना काहीतरी चमत्कारिक घेऊन यायचे. एकदा त्यांनी शहामृगाचं अंडं आणलं होतं. एकदा पक्षी बाहेर येऊन ओरडणारं घड्याळ आणलं, ते आठवड्याभरातच गप्प झालं. पंचावन्न सालच्या डिसेंबरात मात्र त्यांच्या हातात एक रुंद तोंडाचा थर्मास होता. टॅक्सीतून उतरल्यापासून तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत त्यांनी तो कुणाला धरू दिला नाही.

"नलू, घरातलं मोठ्यात मोठं काचेचं भांडं आण," आल्या आल्या ते भाचीला म्हणाले.

नलूनं लोणच्याची रिकामी बरणी आणली. मामांनी थर्मास हळूच कलता केला आणि पाण्याबरोबर एक प्राणी बरणीत उतरला. वीतभर लांब, पांढराफेक, चार इवले पाय, चपटी शेपटी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे तुरे. तोंडाची ठेवण अशी, की तो सारखा मंद हसतोय असं वाटावं.

"हा काय प्रकार?" मनमोहन त्रिलोकेकरांनी चष्मा वर करून विचारलं.

"अ‍ॅक्सोलॉटल. मूळचा मेक्सिकोच्या तळ्यातला. बेडकांच्या नात्यातला, पण हा जन्मभर पाण्यातच राहतो. फ्रान्सला, मार्सेयच्या एका प्रयोगशाळेत माझे स्नेही आहेत, त्यांनी दिला."

"आणि आम्ही त्याचं काय करायचं?"

"सांभाळायचं, भाऊजी. सुमती गेल्यापासून तुम्ही या खुर्चीतून उठत नाही, असं नलू लिहिते."

नलूनं मान खाली घातली. मनमोहनांनी चष्मा पुसायला घेतला. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत ते हेडक्लार्क होते. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. इमारत वडिलोपार्जित, खालच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, मुलगी दादरच्या शाळेत मास्तरीण. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे खरंच होतं.

शरदचंद्रांनी निघण्यापूर्वी सगळं नीट समजावलं. "याची कातडी म्हणजे आपल्यासारखी कातडी नव्हे. आपल्या गालाचा आतला भाग कसा ओला, नाजूक असतो, तसं याचं अंगभर. पाण्यात जे काही असेल ते सरळ आत जातं. साबणाचा हात लागू द्यायचा नाही. नळाचं पाणी लगेच घालायचं नाही, दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. आणि गारवा हवा. उन्हाळा सांभाळा, बाकी तो गरीब आहे."

बोट गेली. प्राण्याचं नाव नलूनं त्याच्या तुऱ्यांवरून गुलाबराव ठेवलं. वडिलांना ते थिल्लर वाटलं, पण चार दिवसांत तेही गुलाबरावच म्हणू लागले. सकाळी ते स्वतः बाजारात जाऊन बारीक कोलंबी आणायचे, सोलून, तुकडे करून, दाभणाच्या टोकावर एकेक तुकडा धरायचे. गुलाबराव आधी ढिम्म बसायचा. मग एकदम तोंड उघडायचा आणि तुकडा गायब व्हायचा. मनमोहन हसायचे. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

जानेवारीत मुंबई पेटली. शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि लोक रस्त्यावर आले. गिरगावातही गोळीबार झाला. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा त्यात गेला, दुसऱ्याच्या मांडीत गोळी घुसली. त्या दुसऱ्याला एका लॉरीत घालून नलू त्याच्या आईबरोबर परळच्या इस्पितळात गेली. परतली तेव्हा तिच्या पातळावर रक्त वाळलेलं होतं.

मनमोहन दारातच उभे होते. काळजीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "दगड मारले की गोळ्या येणारच. मुंबई स्वतंत्र राहिली तर बिघडलं कुणाचं? ही आपली मुंबई आहे, आपल्या पूर्वजांनी वसवलेली. पुण्याच्या लोकांना ती कशाला हवी?"

"गेला तो पोरगा तेरा वर्षांचा होता, पपा," नलू म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं जवळजवळ थांबलं. नलू शाळा सुटली की संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जायची, उशिरा यायची. मनमोहन वाट पाहत बसायचे, पण ती आली की पेपर तोंडासमोर धरायचे. बोलायचे ते गुलाबरावाबद्दलच. पाणी बदललं का. कोलंबी खाल्ली का. आज जरा सुस्त वाटतो नाही. एवढ्यावर ते घर चालत होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस, पाणी निवत ठेवायची मोठी काचेची हंडी मनमोहनांच्या हातून फुटली. आता उन्हाळाही येणार होता. त्यांनी माळ्यावरून सुमतीच्या माहेरचा तांब्याचा हंडा उतरवला. तांब्यातलं पाणी गार राहतं आणि शुद्ध राहतं, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. राधाबाईंनी, म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईंनी, चिंच लावून तो लखलखीत केला. त्या दिवसापासून गुलाबरावाचं पाणी हंड्यात निवू लागलं.

मार्च संपता संपता गुलाबरावाचं बिनसलं. आधी त्याचे तुरे आखडले आणि टोकं पुढे वळली. मग त्यांवर कापसासारखा पांढरा बुरा धरला. पाठीवरची कातडी चिकट झाली आणि पुढे तिचे पापुद्रे पाण्यात तरंगू लागले. कोलंबीचा तुकडा नाकाशी धरला तरी तो मान फिरवायचा.

मनमोहनांनी पाणी रोज बदलायला सुरुवात केली. बरणीभोवती ओलं फडकं गुंडाळलं. परळच्या गुरांच्या दवाखान्यातही जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "घोडा असता तर सांगितलं असतं. हे जनावर मी आयुष्यात प्रथम पाहतोय."

त्या रात्री जेवताना नलू म्हणाली, "माझी एक मैत्रीण आहे, चंपा. परळला नर्स आहे, भाजलेल्यांच्या वॉर्डात. जानेवारीत त्या मुलाच्या वेळी ओळख झाली, आता सभांना भेटते. तिला विचारू?"

"विचार," मनमोहन म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत सरळ उत्तर होतं.

चंपा रविवारी आली. पंचविशीची, उंच, शांत मुलगी. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी. तिचे वडील गिरणीत कामाला होते. तिनं नुसत्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि बराच वेळ बरणीसमोर वाकून पाहत राहिली.

"आमच्याकडे अशीच माणसं येतात, काका," ती म्हणाली. "वरची कातडी गेलेली. त्यांना काही चोळायचं नसतं. मिठाचं पाणी, मऊ फडकं आणि गारवा, एवढंच आधी करतो. याला आणखी काय लागतं ते मला ठाऊक नाही. पण जाड्या मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवलं तर हा बुरा उतरेल, असं वाटतं. नलूताईंना दाखवते, म्हणजे रोज करता येईल."

तिनं परातीत मिठाचं पाणी कालवलं, गुलाबरावाला मलमलीच्या झोळीत अलगद उचललं आणि त्यात सोडलं. तिच्या हाताखाली तो जरासुद्धा तडफडला नाही. मनमोहन मनातून चकित झाले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता साधं पाणी पाहिजे," आणि कोपऱ्यातल्या हंड्याकडे वळून झाकणाला हात घालणार तोच मनमोहन बोलून गेले.

"थांब, थांब. त्या हंड्याला हात नको लावूस. मी देतो काढून."

चंपाचा हात तिथल्या तिथे थांबला. "बरं," ती म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. मनमोहनांनी पाणी काढून दिलं. तिनं पुढचं सगळं तितक्याच निगुतीनं केलं, गुलाबरावाला बरणीत सोडलं, हात पुसले. नलू चहा टाकायला निघाली तर म्हणाली, "नको. ड्यूटी आहे." जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला.

नलू बापाकडे वळली. "ड्यूटी संध्याकाळची आहे तिची."

"अगं, तुझ्या आईचा हंडा तो. कुणी हात लावला की मला..."

"राधाबाई रोज लावतात. रोज घासतात तो हंडा." तिचा आवाज चढला नव्हता. "पपा, चंपा कुठल्या समाजातली, ते तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. डिलाईल रोड म्हटल्यावर तुम्हीच ओळखलंत."

मनमोहन खुर्चीत बसले. स्वतःला ते सुधारक समजत. इराण्याकडे कुणाच्याही शेजारी बसून त्यांनी चहा प्यायला होता. ऑफिसात डबा खाताना कोण कुठला हे कधी विचारलं नव्हतं. तरीही चंपाचा हात हंड्याकडे गेला तेव्हा ते शब्द कुठून आले? पुष्कळ शोधलं तरी त्यांना हंड्याशिवाय दुसरं कारण सापडेना, आणि हंड्याचं कारण तर नलूनं काढून घेतलं होतं.

मिठाच्या पाण्यानं बुरा कमी झाला, पण चारच दिवसांत पुन्हा धरला. मे उजाडला. तिसऱ्या मजल्यावर पत्रा तापायचा. मनमोहन बर्फाची लादी आणून, फोडून बाटलीत भरायचे आणि ती बाटली पाण्यात ठेवायचे. गुलाबराव तिला टेकून बसायचा. त्याच्या पोटावर आता लाल चट्टे दिसू लागले होते.

एक दिवस नलू शाळेच्या कामाला बाहेर पडल्यावर मनमोहनांनी कोट चढवला. ट्रामनं लालबागला उतरले आणि करी रोडचा पूल ओलांडून डिलाईल रोडला गेले. विचारत विचारत चंपाची चाळ काढली. तळमजल्याची खोली होती. दारात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मी नलूचा वडील. चंपाताई आहेत का?"

"येलच आता. मी तिची आई, जाईबाई. बसा की आत." बाईंनी चटई टाकली. मग पाण्यानं भरलेला पेला त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि पुन्हा सूप ओढलं. प्या म्हणाल्या नाहीत.

मनमोहनांनी पेला उचलला आणि पाणी प्यायले. ऊन डोक्यावर घेऊन आले होते, तहान लागलीच होती. "आणखी मिळेल?" त्यांनी विचारलं. जाईबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून पेला पुन्हा भरला.

खोलीत सुखद गार होतं. खिडकीबाहेर दुसऱ्या चाळीची भिंत होती, ऊन आत येतच नव्हतं. कोपऱ्यात पाण्यानं भरलेली मडकी, गोणपाटाखाली रांजण.

चंपा आली ती दारातच थबकली. मनमोहन उभे राहिले. काय बोलायचं ते ट्राममध्ये दहादा ठरवलं होतं, पण आता एकच वाक्य निघालं. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं."

"हो, चुकलं," चंपा म्हणाली. तिनं पिशवी खुंटीला लावली. "जनावर कसं आहे?"

"जिवंत आहे एवढंच."

तिनं कोपऱ्यातल्या मडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी काही तुमच्याकडे यायची नाही, काका. पण त्याला इकडे आणा. आमच्याकडे ऊन नाही. बर्फाचा कारखानाही इथून जवळ आहे."

"कसला जनावर?" जाईबाईंनी विचारलं. लेकीनं समजावल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "घरात चालाया जागा नाय, आनि पालीला खोली देतेस?" पण दुसऱ्या दिवशी मनमोहन टॅक्सीतून बरणी घेऊन आले तेव्हा रुंद तोंडाचं एक मातीचं कुंडं धुऊन, भरून तयार होतं.

नलूला हे त्या संध्याकाळी कळलं. घरी आली तर बरणीची जागा रिकामी. गुलाबराव गेला, असंच तिला वाटलं. वडिलांनी सगळं सांगितलं, पेल्यासकट. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.

मनमोहन आता रोज दुपारी डिलाईल रोडला जाऊ लागले. जाईबाई पहाटे नळावरून आणलेलं पाणी मडक्यात उघडं ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुंड्यात घालायच्या. चंपा कामावर जाण्यापूर्वी मिठाचं पाणी करायची. मनमोहन बर्फ आणायचे आणि गोणपाट भिजवायचे. बुरा उतरला तो पुन्हा आला नाही. चट्टे फिके झाले. एका दुपारी जाईबाईंनी चेष्टेनं सुकटीतला एक मासा पाण्यात सोडला, तर गुलाबरावानं तो खाड्कन गिळला आणि मग नको म्हणून थुंकून टाकला. "बघा, पैला आमच्यासारका खातोय, मंग तुमच्यासारका नाक मुरडतोय," त्या पदराआड हसल्या.

पाळी सकाळची असली की चंपाचे वडील भिवाजी दुपारी घरी असायचे. गिरणीत सूत काढणाऱ्या रिंग खात्यात जन्म गेला होता, छातीत कापूस बसून आवाज घोगरा झाला होता. ते मराठी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मनमोहन ऐकायचे. एकदा न राहवून मनमोहन म्हणाले, "भिवाजी, मुंबई महाराष्ट्रात गेली तर तुमचं काय बदलणार? मला तर वाटतं, मुंबई मुंबईकरांचीच राहावी."

"मुंबईकर म्हंजी कोन वो?" भिवाजींनी पेपर खाली ठेवला. "चाळीस वर्सं हितं सूत काढतोय मी. मला कोन इचारायला आला नाय." ते थोडे खोकले. "आनि खरा सांगू का? आमच्यातले पन काही म्हनतात, राज्य मराठी झाला तरी गावचा पाटील तोच ऱ्हानार. खोटा नाय त्यांचा. पर कोर्टातला कागद माज्या भाषेत आला तर मला माझा वाचता येल. मग पाटलासंगं भांडाया तरी बरा."

मनमोहनांनी यावर बराच विचार केला. पटलं असं काही ते म्हणाले नाहीत, पण हा मुद्दा त्यांनी जेवताना नलूला सांगितला, आणि त्यावर बापलेक ताटं वाळेपर्यंत वाद घालत बसले.

जुलैत हवा गार झाली. गुलाबराव टुणटुणीत झाला होता, तुरे पुन्हा पिसांसारखे फुलले होते. मनमोहनांनी त्याला गिरगावात परत नेलं. आठवडा गेला नाही तोच तुऱ्यांची टोकं पुढे वळली आणि कातडीचे पापुद्रे निघू लागले.

या वेळी त्यांनी वेळ दवडला नाही, त्याला तडक पुन्हा चाळीत पोचवलं. "तुम्ही पाण्यात काही घालता का हो?" त्यांनी जाईबाईंना विचारलं.

"मी काय घालनार? नळाचा पानी. तुमचा पन तोच नळ ना, मुन्शिपाल्टीचा?"

तोच नळ, तेच पाणी. हवा आता दोन्हीकडे सारखीच. मनमोहन घरी येऊन येरझाऱ्या घालत राहिले. राधाबाई गावी गेल्या होत्या, हंडा बरेच दिवस घासलेला नव्हता. सवयीनं त्यांनी तो मोरीत नेला, उरलेलं पाणी ओतलं, आणि चिंचेचा गोळा घेऊन हात आत घातला. हाताला बुळबुळीत लागलं. त्यांनी हंडा खिडकीपाशी नेऊन आत पाहिलं. जिथपर्यंत पाणी असायचं तिथपर्यंत हिरवट निळसर कड चढली होती. बोट जिभेला लावलं तर तोंडभर कळकलेली चव पसरली.

पाण्यात जे असेल ते सरळ आत जातं, असं शरदचंद्र म्हणाले होते. मनमोहन हंडा मांडीवर घेऊन मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंपाला सगळं सांगितलं. काचेची हंडी कधी फुटली, हंडा कधी उतरवला, दुखणं कधी सुरू झालं. चंपा म्हणाली, "कळक म्हणजे मोरचुदाचीच जात, तांब्याचंच विष. माणसाच्या धड कातडीला काही होत नाही, पण उघड्या मांसावर लागलं तर आग आग होते. याचं तर अंगभर उघडंच." आणि मग एकदम तिला हसू फुटलं. तोंडावर हात धरून ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं?" मनमोहन गोंधळले.

"काका, बरं झालं मी त्या दिवशी हंड्याला हात नाही लावला! नाहीतर जनावर आजारी पडलं ते माझ्यामुळेच, असं म्हणाला असता तुम्ही."

भिवाजींनी पेपरातून वर पाहिलं. "म्हणालोही असतो कदाचित," मनमोहन हळूच म्हणाले.

चंपाचं हसू ओसरलं. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, पण तिच्या नजरेत राग नव्हता. "चहा टाक गं आई," ती म्हणाली. "काका, तुम्ही घेणार ना?"

आता दुखणं कळलं होतं, तेव्हा गुलाबरावाला घरी न्यायला हरकत नव्हती. मनमोहनांनी तसं बोलूनही दाखवलं. पण जाईबाई म्हणाल्या, "ऑक्टोबराचा उकाडा येतोय. वर पत्र्याखाली नेऊन मारता काय त्याला?" म्हणून तो तिथेच राहिला. सप्टेंबरात एका रविवारी चंपा नलूबरोबर गिरगावात जेवायला आली. कुणी बोलावलं, कसं ठरलं, ते मनमोहनांना कळलं नाही. त्यांनी स्वतः पापलेटं आणून दिली.

ऑक्टोबरात चाळीतली गडबड वाढली. नागपूरला धम्मदीक्षेचा मोठा सोहळा होणार होता. निम्मी चाळ निघाली होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे विकत घेतले जात होते, शिधा बांधला जात होता. भिवाजींनी गिरणीतून सुट्टी काढली. जाईबाईंनी फडताळातले देव एका फडक्यात बांधून खाली ठेवले होते. चंपाला मात्र इस्पितळातून रजा मिळाली नाही. वॉर्ड भरलेला होता.

"मुंबईत होईल तेव्हा घेईन मी दीक्षा," ती म्हणाली, पण आईच्या पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्या घालताना ती एकदाही वर बघत नव्हती.

"आनि ह्याचा पानी?" जाईबाईंनी कुंड्याकडे बोट दाखवलं. "चंपी सकाळी जाते ती रात्री येते."

"मी येईन," मनमोहन म्हणाले.

ते आले. चाळीच्या नळाला पाणी यायचं ते पहाटे, म्हणून पहिल्या ट्रामनं निघून आले. मडकं घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहिले, कोट खुंटीला लावून, धोतराचा सोगा खोचून. कुणाला ते घरमालक वाटले, कुणाला मुन्शिपाल्टीचे साहेब.

"आजोबा, तुमी पुढं व्हा," एक पोरसवदा बाई म्हणाली.

"नाही, नाही. माझा नंबर आल्यावर."

नंबर आला तेव्हा त्यांनी मडकं काठोकाठ भरलं आणि उचलायला गेले तर निम्मं पाणी धोतरावर सांडलं. रांग हसली. मागच्या म्हातारीनं पुढे होऊन दाखवलं, "असा न्हाय. गळ्याला धरा, दुसरा हात खाली घाला. लेकरू धरल्यागत." त्यांनी तसं धरलं आणि न सांडता खोलीपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी ती म्हातारी त्यांच्या आधी आली होती. तिनं त्यांच्यासाठी मागे जागा धरून ठेवली.

रात्री चंपा दमून यायची तेव्हा नलू तिच्यासाठी डबा घेऊन बसलेली असायची. चाळ निम्मी रिकामी होती, कॉमन व्हरांड्यात एकच दिवा. दीक्षेच्या दिवशी मात्र नलू सकाळीच आली आणि चंपा कामावर निघेपर्यंत दोघी उंबऱ्यात बसून राहिल्या. चंपा मध्येच म्हणाली, "आता होत असेल." नलूनं तिचा हात धरला. आत मनमोहन कुंड्यावरचं गोणपाट भिजवत होते. बाहेर जावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना, म्हणून ते भिजलेलं गोणपाट पुन्हा भिजवत राहिले.

नागपूरची मंडळी परतली ती एका दुपारी. त्या दिवशी चंपाची साप्ताहिक सुट्टी होती, नलूही आली होती. पांढरे कपडे प्रवासानं मळून करडे झाले होते. भिवाजींचा आवाज पार बसला होता, तरी ते दारातूनच सांगू लागले. केवढी माणसं, जिकडं बघावं तिकडं पांढरं, आणि एका वेळी सगळ्यांनी म्हटलेल्या प्रतिज्ञा. सांगता सांगता ते खाली बसले आणि त्यांना रडू कोसळलं. शेजारीपाजारी दारात जमले होते. चंपा आईच्या गळ्याला बिलगली.

मनमोहन बाजूला उभे होते. अशा वेळी काय म्हणायचं असतं, याचा त्यांना काही अंदाज नव्हता. शेवटी ते पुढे झाले आणि भिवाजींना म्हणाले, "भिवाजी, मला यातलं फारसं कळत नाही. अभिनंदन म्हणायचं का?"

भिवाजींनी डोळे पुसले. "म्हना की," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आजपातूर आमाला कोनी म्हनला नव्हता."

मनमोहनांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं.

जाईबाई तोवर कुंड्याशी पोचल्या होत्या. गोणपाट बाजूला सारून त्यांनी आत पाहिलं. गुलाबराव तळाशी पाय पसरून स्वस्थ बसला होता. "अगं बाय, केवढा फुगलाय!" त्या म्हणाल्या. "काय घातलात ह्याला?"

"कोलंबी. जरा जास्त झाली असेल."

"येवढी घालतात व्हय? पोट फुटून मरल." त्यांनी पदर खोचला, सवयीनं रिकाम्या फडताळाकडे एकदा पाहिलं, आणि चुलीकडे वळल्या. "थांबा आता सगळी. भाकऱ्या टाकते. नलू, पीठ काढ गं त्या डब्यातला."